सहकुटुंब अलिबाग : एका दर्याकाठच्या गावाचा इतिहास

व्याख्यानमालेचे दिवस आणि शाळांच्या सुट्टीचे दिवस आपल्याकडे एकाच सुमारास येतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, ऊन तापू लागलेले असते, आणि घरोघरी एकच खल चाललेला असतो : यंदा जायचे कुठे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. मुलांना घेऊन आई माहेरी जाई आणि सुट्टी संपेपर्यंत कोणी विचारीत नसे. आता बहुतेकांचे आजोळ शहरातच, दोन रस्ते पलीकडे असते. म्हणून मंडळी एखादे समुद्रकाठचे गाव गाठतात. तेथे गेल्यावर काय करायचे हेही सर्वांना ठाऊक असते. लाटांत भिजायचे, वाळूचे किल्ले करायचे, ताजे मासे खायचे किंवा मोदकांवर ताव मारायचा, आणि परत यायचे. यात गैर असे काहीच नाही. वर्षभर राबलेल्या माणसाला दोन दिवस स्वस्थ बसण्याचा अधिकार आहे.

परंतु ज्या गावाचे पाणी आपण दोन दिवस प्यालो, त्या गावाने तीनशे वर्षांत काय पाहिले, काय गमावले, याची विचारपूसही न करता परतणे म्हणजे यजमानाच्या घरी जेवून त्याचे नाव न विचारण्यासारखे आहे. आज मी अलिबागविषयी बोलणार आहे, आणि मुलाबाळांसह तेथे जाणाऱ्या गृहस्थाच्या सोयीने बोलणार आहे. प्रथम काय पाहावे, मग कोठे जावे, आणि तेथे उभे राहून मुलांना काय सांगावे, या क्रमाने. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण अलिबागचा इतिहास हा मुळात एका कुटुंबाचा इतिहास आहे. ते कुटुंब दर्यावर कसे वाढले आणि घरात कसे फुटले, ही गोष्ट सहकुटुंब प्रवासाला निघालेल्या माणसाने ऐकावी अशीच आहे.

अलिबागला जाण्यापूर्वी आगगाडीचे किंवा एस. टी. चे वेळापत्रक पाहतात, तसे समुद्राचे वेळापत्रक पाहिले पाहिजे. कुलाब्याचा किल्ला किनाऱ्यासमोर खडकावर उभा आहे. हाकेच्या अंतरावर आहे असे वाटते, पण चालू लागले म्हणजे तो तितका जवळ नाही हे कळते. ओहोटीला तेथवर पायी किंवा घोडागाडीने जाता येते, भरतीला होडीच करावी लागते. कोकणातील जुन्या माणसांचा यासाठी एक साधा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ अदमासे तासांत मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तेथून सहा तासांनी ओहोटी पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी चढतेही फार आणि ओसरतेही फार. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याची ये-जा बेताची असते. तृतीया-चतुर्थीला उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास लागते. मुलांना घेऊन जायला ही वेळ उत्तम. हिशेब केला तरी किनाऱ्यावरच्या कोळ्याला एकदा विचारावे आणि परतीची वेळ त्याच्याकडूनच पक्की करून घ्यावी. पंचांगातील तिथी आणि समुद्राचे पाणी यांचा असा संबंध एकदा पाहिला म्हणजे शाळेतील भूगोलाचा धडा मुलांना पुन्हा पाठ करावा लागत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, या किल्ल्याचे सारे बळ याच हिशेबात होते. दिवसातून दोनदा आपोआप भरणारा खंदक दुसऱ्या कोणत्या भुईकोटाला लाभला असेल?

किल्ल्याजवळ पोहोचल्यावर एकदम आत शिरू नये. आधी तट पाहावा. मोठमोठे दगड एकावर एक रचलेले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या सांध्यांत चुना नाही. लाट आपटते, तिचे पाणी फटींतून आत शिरते आणि जोर मोडून परत येते. अंगावर येणाऱ्या शक्तीला थोडी वाट ठेवली तर ती भिंत पाडीत नाही, हे ज्या गवंड्यांना कळले होते त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत.

या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये सुरू करविले आणि ३ एप्रिलला महाराज निवर्तले. म्हणजे त्यांच्या अखेरच्या योजनांपैकी ही एक. त्याच्या आदल्याच वर्षी, १६७९ मध्ये, मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर त्यांनी तटबंदी सुरू केली होती. इंग्रजांनी ती मोडण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी त्यांना दाद दिली नाही. खांदेरीनंतर कुलाबा हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होते. वडिलांनी आरंभिलेले हे काम संभाजी महाराजांनी आपल्या कारकीर्दीत पुरे केले. मुलांना किल्ला दाखविताना येथून आरंभ करावा : बापाने पाया घातला, मुलाने तट उभारला. पुढे याच तटाच्या आत याच्या अगदी उलट गोष्ट घडायची होती.

आत शिरल्यावर पडक्या वाड्यांचे चौथरे दिसतात, गोड्या पाण्याची पुष्करणी दिसते, आणि राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ दिसते. चहूकडे खारे पाणी असता मध्ये गोडे पाणी कसे, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. पावसाचे पाणी जिरते, साठते, आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने वर राहते, असे त्यांना सांगावे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांवरील अक्षरे वाचावीत. इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातल्या लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव त्यांवर आहे. आंग्र्यांच्या किल्ल्यावर इंग्रजी कारखान्याच्या तोफा! या तोफांजवळ सावली पाहून बसावे आणि कान्होजीची गोष्ट सांगावी.

कान्होजी आंग्रे १६९८ च्या सुमारास मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल झाले. तो काळ किती बिकट होता हे आपण जाणताच. छत्रपती राजाराम महाराज आणि औरंगजेब यांचे युद्ध चाललेले, मुलूख उद्ध्वस्त झालेला. अशा वेळी या माणसाने कोकणचा किनारा राखला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षाला मिळाले. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी आपले दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. जो घेणार नाही त्याचे गलबत पकडले जाई. इंग्रजांनी या गोष्टीला चाचेगिरी म्हटले आणि पुष्कळ वर्षे आपणही शाळेत तेच शिकलो. वस्तुतः पोर्तुगीज शंभर-दोनशे वर्षे याच समुद्रात हाच परवाना दुसऱ्यांवर लादीत होते. त्यांचा परवाना कायदा आणि कान्होजींचे दस्तक मात्र दरोडा, हा न्याय ज्याच्या हाती लेखणी राहिली त्याचा आहे.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन्ही सत्तांनी एक होऊन कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील कमोडोर मॅथ्यूज जातीने आला होता, गोव्याचा व्हाइसरॉयही आला होता. शाहू महाराजांनी बाजीरावांना कान्होजींच्या मदतीस धाडले. मराठी फौज जमिनीकडून आली, किल्ला समुद्राकडून लढला. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये बाजीरावांशी तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईला परतले. सातारा, पुणे आणि कुलाबा ही तीन ठिकाणे एका मताने चालली म्हणजे काय होते, याचा हा दाखला. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांची दगडी समाधी अलिबाग गावात आहे. किल्ल्याहून परतल्यावर तेथे जावे. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिले, हेही तेथे सांगावे.

बहुतेक वाटाडे येथे थांबतात. आपण थांबू नये. कान्होजींना सहा मुलगे होते. थोरले सेखोजी सरखेल झाले, पण १७३३ मध्ये तेही गेले. त्यानंतर संभाजी आणि मानाजी या भावांत वितुष्ट आले. ते इतक्या थराला गेले की, मानाजींनी कुलाबा घेण्यासाठी पोर्तुगीजांची मदत घेतली. ज्यांना बापाने बारा-तेरा वर्षांपूर्वी किल्ल्यापुढून परत लावले होते, त्यांनाच मुलाने भावाविरुद्ध बोलावले! १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्ये पडून वाटणी करून दिली. मानाजींना कुलाबा आणि 'वजारतमाब' हा किताब, संभाजींना विजयदुर्ग आणि सरखेली. भांडण तात्पुरते मिटले, पण एका आरमाराची दोन आरमारे झाली. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आले, तेव्हा मानाजींनी पेशव्यांना हाक मारली आणि इंग्रजांनाही. इंग्रजांची जहाजे कुलाब्याच्या पाण्यात आली, ती या वेळी घरच्या आमंत्रणाने.

संभाजींच्या मागून विजयदुर्गावर तुळाजी आले. तुळाजी शूर होते, पण पेशव्यांचे वर्चस्व त्यांनी मानले नाही. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना नमविण्यासाठी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. तुळाजींची उरलेली हयात पेशव्यांच्या कैदेत गेली. दोष कोणाचा, यावर इतिहासकारांत वाद आहे. तुळाजी उद्दाम होते असे काही म्हणतात, नानासाहेबांना समुद्राचे महत्त्व कळले नाही असे काही म्हणतात. माझ्या मते दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि ती एकाच वेळी खरी असणे हेच दुर्दैव होय. घरातील तंट्यात प्रत्येकाची बाजू थोडी थोडी बरोबर असते. म्हणूनच बाहेरच्याला बोलावताना कोणालाच लाज वाटत नाही.

कुलाब्याची शाखा यानंतरही टिकली. राघोजींनी १७५९ पासून १७९३ पर्यंत तेथे राज्य केले. परंतु दर्याचा धाक संपला होता. पुढे पुन्हा वारसाचे तंटे झाले आणि १८४० मध्ये औरस वारस नाही असे म्हणून, दत्तक नाकारून, कंपनी सरकारने हे संस्थान खालसा केले. डलहौसी हिंदुस्थानात येण्यापूर्वी आठ वर्षे ही गोष्ट झाली. इंग्रज-पोर्तुगीजांच्या जोडीला जो किल्ला घेता आला नाही, तो शेवटी एका कागदाने गेला. तटावरच्या लो मूरच्या तोफा पाहताना हे सारे आठवावे. इंग्रजी सत्तेत या मुलुखाला किल्ल्यावरून कुलाबा जिल्हा हे नाव मिळाले, आणि १९८१ मध्ये त्याचा रायगड जिल्हा झाला.

दुपारी जेवणखाण आणि विश्रांती झाली म्हणजे संध्याकाळी गाव पाहावे. कान्होजींनी १७२० च्या सुमारास बांधलेला हिराकोट येथेच आहे. प्रचंड काळे दगड, आणि आत पुढील काळात झालेला तुरुंग, त्यामुळे तो बाहेरूनच पाहायचा. मग इस्रायल आळीकडे वळावे. अलिबाग हे नाव अली नावाच्या एका धनिकाच्या बागांवरून पडले असे सांगतात. तो मुसलमान होता असे काही म्हणतात, तर बेने इस्रायल मंडळी त्याला आपला समजतात. या ज्यू लोकांची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावला पुरले. तेथे त्यांचे स्मारक आहे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ते मराठी बोलत, मराठी नेसत, आणि आपला शब्बाथ पाळीत. शेजाऱ्यांनी त्यांना तो पाळू दिला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, तरी तेथेही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले. अलिबागेत त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. आंग्र्यांचे भाऊ एका रक्ताचे असून एका किल्ल्यात नांदले नाहीत, आणि हे परके म्हणून आलेले लोक या आळीत पिढ्यान् पिढ्या नांदले, याची नोंद मुलांच्या लक्षात आणून द्यावी.

समुद्राच्या बाजूलाच चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून होत असे. १८५९ मध्ये सूर्यावर झालेल्या प्रचंड उत्पाताने पृथ्वीच्या चुंबकत्वात जे वादळ उठले, त्याची नोंद त्या वेधशाळेत आहे आणि जगातील शास्त्रज्ञ आजही ती अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने यंत्रे बिघडतील म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणले गेले. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मापनाचा नव्याशी सांधा जुळावा. मोठ्या माणसाने आपले काम धाकट्याच्या हाती कसे द्यावे, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी हाताशी वाहन असेल तर दक्षिणेकडे चौल-रेवदंड्याला जावे. चौल हे ग्रीक प्रवाशांना ठाऊक असलेले बंदर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात येथेच उतरला. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात नारळी-पोफळीच्या बागा झाल्या आहेत. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात ख्रिस्ती वस्तीतील लोक आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली घरात बोलतात. पोर्तुगीजांचा अंमल १७४० मध्ये गेला, तटबंदी ढासळली, पण आईच्या तोंडची भाषा राहिली.

परतीच्या वाटेवर एक ठिकाण आहे, तेथे सहसा कोणी सहलीला जात नाही. ते म्हणजे चरी गाव. तेथे ना समुद्रस्नान, ना किल्ला. दोन्ही बाजूंना खाजण आणि भाताची खाचरे. ही खाचरे म्हणजे समुद्राकडून बांध घालून मिळविलेली जमीन. उधाणाने बांध फुटला की, खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे पीक हाती लागत नाही. बांध घालायचा कुळांनी, राखायचा कुळांनी, आणि पिकाचा मोठा वाटा न्यायचा खोताने, अशी रीत होती. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी ठरविले की, खोताची जमीन नांगरायची नाही. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला.

सहा वर्षे शेत पडीक ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना पगारदार माणसाला सहज येणार नाही. चूल पेटविण्यासाठी लोकांनी लाकडे तोडून विकली, मिळेल ती मजुरी केली. एखाद्या कुळाने हळूच जाऊन खोताशी सौदा केला असता तर संप त्या दिवशी मोडला असता. संप मोडला नाही. १९३४ मध्ये चरीला शेतकऱ्यांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळकायदा आला, आणि १९४९ मध्ये खोती कायद्याने संपली. आगरी, कुणबी, मराठा अशा साध्या कष्टकऱ्यांनी जे केले, ते आंग्र्यांच्या वाड्यात घडले नव्हते. बाहेरच्याने प्रत्येकाला वेगळे गाठून मोह दाखविला तरी ते एकत्र राहिले.

कुलाब्याच्या तटाला कोणी चुना घातला नाही, तरी तो तीनशेहून अधिक वर्षे उभा आहे. दगड जड आहेत आणि एकमेकांवर नीट टेकलेले आहेत, एवढेच त्याचे कारण. आंग्र्यांच्या घरात शौर्य कमी नव्हते, बुद्धी कमी नव्हती, जहाजे आणि तोफाही कमी नव्हत्या. एकमेकांवर टेकणे तेवढे राहून गेले. चरीच्या लोकांपाशी दुसरे काहीच नव्हते, तेवढे एकच होते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. यंदा अलिबागला, किंवा मालवणला, रत्नागिरीला, मुरुडला, जेथे जायचे असेल तेथे जरूर जा. मुलांना पाण्यात मनसोक्त खेळू द्या. अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्यात येतो, त्याची वेणी विकत घ्या. पण एक सकाळ त्या गावासाठी राखून ठेवा. तेथे कोण लढले हे मुलांना सांगा, आणि कोण भांडले हेही सांगा. जयाच्या गोष्टी मुलांना आपोआप पाठ होतात. फाटाफुटीच्या गोष्टी मोठ्या माणसाने समोर बसवून सांगाव्या लागतात, आणि त्या सांगायला किल्ल्याच्या तटाइतकी चांगली जागा नाही. मात्र सांगता सांगता घड्याळाकडे लक्ष असू द्या. पाणी चढू लागले की, गोष्ट अर्धी राहिली तरी उठावे. उरलेली किनाऱ्यावर येऊन पुरी करता येते.